शिखरजीनंतर कोलकाता : यात्रेचे शेवटचे तीन दिवस

वऱ्हाडातून श्री सम्मेदशिखरजीच्या यात्रेला निघणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी बहुधा एक ओळ असते : ‘कोलकाता, तीन दिवस, खरेदी व विश्रांती.’ पाटणा, राजगीर, कुंडलपूर, पावापुरी, गुणावा, चंपापूर आणि शिखरजी यांच्यापुढे दर्शनाच्या वेळा, वाहन, उतरण्याची जागा असा सारा तपशील लिहिलेला असतो. कोलकात्यापुढे मात्र तेवढेच दोन शब्द. यात्रा मधुबनात संपली, आता राहिले ते गाडीची वाट पाहण्याचे दिवस, अशी समजूत त्यामागे असते. गेल्या मार्गशीर्षात अमरावती आणि अकोला येथील दोन सख्ख्या भावांच्या कुटुंबाने ही यात्रा केली. त्यांच्या पत्रिकेतही ही ओळ होती. ती तशीच राहिली नाही.

थोरल्या बंधूंचे अमरावतीत कापडाचे दुकान आहे. धाकटे अकोल्यात सरकी-ढेपेचा व्यापार करतात. दोघे, दोघांच्या पत्नी आणि शहात्तर वर्षांच्या मातोश्री अशी पाच माणसे बडनेऱ्याहून निघाली होती. एकूण प्रवास सतरा दिवसांचा. थोरल्यांच्या कन्येचा विवाह माघात ठरलेला असल्याने कोलकात्याच्या खरेदीची यादी घरूनच तयार होती. यादीत सर्वांत वर होत्या बालुचरी साड्या.

चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी म्हणून शिखरजीचे माहात्म्य सर्वश्रुत आहे. झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील हा पर्वत सुमारे १,३५० मीटर उंच आहे. नऊ किलोमीटर चढण, वर टोंकांच्या वंदनेची नऊ किलोमीटरची फेरी आणि नऊ किलोमीटर उतार, असे सत्तावीस किलोमीटर चालावे लागते. मातोश्रींसाठी डोली केली होती. बाकीचे चौघे रात्री अडीच वाजता अनवाणी निघाले. आदल्या संध्याकाळी मधुबनातील प्रवचनात वस्त्रांचा विषय निघाला होता. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोश आतील जीवासकट उकळत्या पाण्यात टाकतात, आणि एका साडीला असे हजारो कोश लागतात, ही माहिती तशी कोणालाच नवीन नव्हती. परंतु दुसऱ्या दिवशी भगवान पार्श्वनाथांच्या सुवर्णभद्र कूटावर चरणांपुढे अर्घ्य वाहताना थोरल्या वहिनींनी मनोमन नियम घेतला : यापुढे नवे रेशीम अंगावर घालायचे नाही. हे त्यांनी त्या वेळी कोणाला सांगितले नाही.

मधुबनातून पारसनाथ स्थानक गाठून कुटुंब हावड्याच्या गाडीत बसले. धनबाद, आसनसोल हा कोळशाचा मुलूख मागे पडला, की बर्दवानच्या सुमारास दोन्ही बाजूंना भाताची सपाट शेते आणि घरागणिक पुष्करिणी दिसू लागतात. काळ्या मातीच्या वऱ्हाडातून आलेल्या माणसाला एवढे पाणी पाहून नवल वाटते. रात्री हावडा स्थानकाबाहेर पडताच समोर तो प्रसिद्ध पूल आला. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेल्या या पुलाला नदीच्या पात्रात एकही खांब नाही, आणि त्याचे पोलादी सांधे नट-बोल्टांऐवजी रिव्हेट ठोकून जोडलेले आहेत. १९६५ साली त्याला रवींद्र सेतू असे नाव देण्यात आले. लोक मात्र अजूनही हावडा ब्रिजच म्हणतात. पूल ओलांडला की पलीकडे बडाबाजार. तेथील एका धर्मशाळेत उतरण्याची व्यवस्था होती.

पहिल्या दिवशी सकाळी एका साध्या गोष्टीने सर्वांची तारांबळ उडवली. कोलकाता अकोल्याच्या इतके पूर्वेला आहे, की मार्गशीर्षात तेथे सूर्य सुमारे पाऊण तास आधी मावळतो. घरी साडेपाचपर्यंत निवांत जेवणारी माणसे येथे पावणेपाचच्या आत ताटावरून उठली पाहिजेत. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या यात्रेकरूंचा सारा दिवस या एका गणितावर बेतावा लागतो. शिवाय शहरातील बहुतेक खाद्यपदार्थांत बटाटा असतो. त्यामुळे बाहेर खाण्याचा बेत न करणेच बरे. धर्मशाळेच्या भोजनशाळेत सकाळी साडेदहाला आणि दुपारी सव्वाचारला जेवायचे, मधल्या वेळात फिरायचे, असे धाकट्या बंधूंनी ठरवून टाकले. उजाडतेही तेथे तितकेच लवकर, त्यामुळे दिवस काही तोकडा होत नाही.

सत्तावीस किलोमीटर चाललेले पाय अजून सुजलेले होते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त बेलगछियाचे दर्शन ठेवले. महात्मा गांधी रोड या मेट्रो स्थानकापासून बेलगछिया अवघे चौथे स्थानक. देशातील पहिली मेट्रो याच शहरात, १९८४ च्या ऑक्टोबरात, धावली. बेलगछियाचे श्री पार्श्वनाथ दिगंबर जैन मंदिर बागेने वेढलेले आहे. फाटकाबाहेर बस, हातगाड्या आणि माणसांचा लोंढा. फाटकाच्या आत आले की पाखरांचा आवाज ऐकू येतो. मातोश्रींनी तेथे दोन तास जप केला. “डोंगरावर गर्दीत दर्शन झाले, पण बसणे झाले नव्हते,” असे त्या म्हणाल्या. सलग इतके दिवस एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्राकडे धावताना पाहिलेले मनात उतरायला अवधीच मिळालेला नव्हता. ही गोष्ट बाकीच्यांच्याही ध्यानात आली. चंपापूर कोणत्या दिवशी झाले आणि गुणावा कोणत्या, यावरच दोघा भावांचा वाद झाला, आणि तो मिटवता मिटवता सर्व यात्रेची मनातल्या मनात पुन्हा एकदा उजळणी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीदास टेंपल स्ट्रीटवरील श्री शीतलनाथांचे मंदिर पाहिले. कोलकातावासी त्याला पारेशनाथ मंदिर म्हणून ओळखतात. राय बद्रीदास बहादूर या जवाहिऱ्यांनी १८६७ साली ते बांधवले. भिंती, खांब, कमानी, छत, सर्वत्र आरशांचे आणि रंगीत काचांचे बारीक काम आहे. पुढे पुष्करिणी आणि बाग. गाभाऱ्यातील एक दीप स्थापनेपासून अखंड तेवत आहे, असे सांगतात. मंदिर श्वेतांबर आम्नायाचे, कुटुंब दिगंबर. परंतु दर्शनाला त्याची आडकाठी कोणी मानली नाही. योगायोगाची गोष्ट अशी, की मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला तोही १८६७ सालीच. वऱ्हाडच्या कापसाला बाजार मिळवून देणारा रस्ता तयार होत होता, त्याच वर्षी येथे एक व्यापारी आपली मिळकत या काचांत आणि संगमरवरात ओतत होता.

थोरले बंधू मंदिरात बराच वेळ एका खांबाशी उभे होते. जन्मभर बाजारात बसणाऱ्या माणसाला शिखरजीवरच्या वैराग्याविषयी नुसता आदर वाटतो. तेथे राहणे आपल्याला जमणार नाही, हे त्याला ठाऊक असते. हे मंदिर मात्र बाजारातल्या माणसाने उभारलेले. जवाहिराच्या पेढीवर बसूनही हे सुचू शकते, ही गोष्ट त्यांना जवळची वाटली असावी. धर्मशाळेत परतताना ते पत्नीला एवढेच म्हणाले, “धंदा सोडला असता, तर हे झालेच नसते.” त्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत.

दुपारी १८१४ साली स्थापन झालेले भारतीय संग्रहालय पाहिले. तेथून एस्प्लनेडला येऊन मातोश्रींच्या हौसेखातर नदीखालून जाणाऱ्या मेट्रोने हावड्यापर्यंत एक फेरी मारली. हा मार्ग २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाला. हुगळीच्या पात्राखालचा बोगदा सुमारे ५२० मीटरचा आहे आणि गाडी तो मिनिटाच्या आत पार करते. मातोश्री वर पाहत म्हणाल्या, “डोक्यावर एवढे पाणी, पाण्यात एवढे जीव, आणि आपण खालून चाललो!” त्या मिनिटात त्यांनी णमोकार मंत्र म्हणून घेतला.

तिसरा दिवस खरेदीचा होता. बडाबाजारात एका गल्लीत नुसते मसाले, दुसऱ्या गल्लीत नुसती भांडी, तिसरीत कापड. डोक्यावर गाठी घेतलेले हमाल “खबरदार” म्हणत अंगावरून जातात. येथे एका रस्त्याचे नाव कॉटन स्ट्रीट आहे, हे वाचून अकोल्याच्या बंधूंना गंमत वाटली. वास्तविक वऱ्हाडच्या कापसाची ओढ मुंबईकडे. कोलकात्याचा माल म्हणजे ताग. हुगळीच्या काठी रिश्रा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी निघाली, तेव्हापासून तागाचे बारदान म्हणजे कलकत्ता, हे व्यापाऱ्यांच्या तोंडी बसले. जवळच पेढ्यांचा भाग. १८०६ साली येथे बँक ऑफ कलकत्ता निघाली. पुढे तिची बँक ऑफ बेंगॉल झाली, १९२१ साली इम्पीरियल बँकेत ती विलीन झाली आणि १९५५ साली त्या बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. अमरावतीच्या व्यापाऱ्याच्या चेकबुकाचा वंश असा या नदीकाठापर्यंत पोहोचतो.

साड्यांच्या पेढीवर पांढऱ्या गादीची बैठक होती. पेढीवाल्यांनी अमरावतीचे कापडवाले म्हटल्यावर आदराने पाणी दिले आणि बालुचरी उलगडल्या. बाँकुडा जिल्ह्यातील विष्णुपूरचे हे विणकाम पदरावरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. रथ, घोडे, पुराणातील प्रसंग असे सारे काही धाग्यांत विणलेले असते. धाकट्या जाऊबाईंनी एक जांभळी साडी थोरल्यांच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, “ताई, लग्नाच्या दिवशी हीच.” थोरल्या वहिनींनी ती हळूच घडी करून बाजूला ठेवली.

“मला नको. शिखरजीवर मी रेशीम सोडले.”

बैठकीवर क्षणभर कोणी बोलले नाही. पेढीवाल्यांनी हात आवरला. थोरले बंधू साडीची उलटी बाजू पाहत होते. त्यांनी ती खाली ठेवली. अडचण साडीची नव्हती. लग्नसराईत त्यांच्या दुकानाची निम्मी उलाढाल पैठणी आणि इतर रेशमी साड्यांवर होते. दुकानाच्या मालकिणीनेच रेशीम सोडले, हे उद्या अमरावतीत गिऱ्हाइकांच्या कानी जाणार होते.

“अगं, तू नेसणार नाहीस आणि मी विकणार, हे कसे दिसेल?” त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

“अहो, दुकानाचा नियम मी घेतलेला नाही. माझ्या अंगापुरता घेतला आहे.”

“पण मुलीच्या लग्नात तिची आई सुती नेसणार?”

“चांगली सुती नेसेन.”

मुलीला फोन लावला. आईचे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. तिचे मन खट्टू झाले, हे आवाजावरून कळत होते. शेवटी ती म्हणाली, “आई, तुझा नियम तू पाळ. पण माझ्यासाठी एक बालुचरी आण. मी सगळ्यांना सांगून बसले आहे.” वहिनींनी होकार दिला. मुलीची साडी काकूंनी पसंत केली, पैसे वडिलांनी मोजले, आणि आई शेजारी बसून राहिली. आपला नियम तिने मुलीवर लादला नाही, आणि मुलीसाठी तो मोडलाही नाही. साडी बांधली जात असताना मात्र त्यांनी नजर दुसरीकडे वळवली होती. वीस मिनिटांचा हा प्रसंग त्यांना सत्तावीस किलोमीटरच्या वंदनेपेक्षा अवघड गेला असला पाहिजे. डोंगरावर सगळेच त्याग करणारे भेटतात. येथे घरची माणसे, यादी, लग्न आणि नवऱ्याचा धंदा, सारे एका गादीवर बसलेले होते.

पेढीवाल्यांनी मग न सांगता दुसरे कपाट उघडले. हुगळी जिल्ह्यातील धनियाखालीच्या, नदिया जिल्ह्यातील शांतिपूर आणि फुलियाच्या हातमागाच्या सुती साड्या, ज्यांना बंगालमध्ये तांत म्हणतात, आणि बारीक सुतात फुले विणलेली सुती जामदानी. वहिनींनी लाल काठाची मोतिया रंगाची जामदानी घेतली. थोरले बंधू तो पोत बोटांत धरून बराच वेळ पाहत होते. कापूस पिकवणाऱ्या मुलखातला हा कापडवाला, आणि त्याच्या दुकानात अशी सुती साडी एकही नव्हती. त्यांनी भाव विचारला, एका रंगाचे किती नग मिळतील ते विचारले, आणि नमुन्यादाखल पंधरा नग दुकानासाठी बांधून घेतले. रेशमाचे कपाट बंद करण्याचे त्यांनी काही ठरवले नाही. ते त्यांच्याच्याने होण्यासारखेही नव्हते. “हे खपतात का, ते आधी पाहू,” एवढेच ते धाकट्या भावाला म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी गीतांजली एक्स्प्रेसने परतीचा प्रवास सुरू झाला. हावडा ते बडनेरा हे अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. गाडीत मातोश्रींनी दोन्ही सुनांच्या मध्ये बसून ती जामदानी मांडीवर उलगडून पाहिली. त्यांच्या स्वतःच्या पेटीत चाळीस वर्षांपूर्वीचा एक रेशमी शालू जपून ठेवलेला आहे, आणि तो नातीला द्यायचा हेही ठरलेले आहे. त्या थोरल्या सुनेला म्हणाल्या, “अगं, मला हे तुझ्या वयात सुचले नाही. आता सोडण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेच नाही.” सुनेने त्यांच्या हातावर हात ठेवला. पुढे नागपूर येईपर्यंत विषय लग्नाच्या आचाऱ्याचा आणि मांडवाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा बडनेरा आले. अमरावतीची तीन माणसे उतरली. धाकटे बंधू आणि त्यांच्या पत्नी त्याच गाडीने पुढे अकोल्याला गेले. स्थानकाबाहेर कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. सतरा दिवस दुकान नोकरांवर होते, त्यामुळे थोरले बंधू घरी सामान टाकून तासाभरात दुकानात गेले. पंधरा नगांचे गाठोडे त्यांनी बरोबर नेले.

पुढच्या महिन्यात अकोल्याचे एक आप्त यात्रेला निघणार होते. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेची प्रत मागितली. थोरल्या बंधूंनी ती पाठवण्यापूर्वी शेवटच्या ओळीतील ‘खरेदी व विश्रांती’ या शब्दांवर रेघ मारली आणि खाली नव्याने लिहिले : ‘पहिला दिवस बेलगछिया, तेथे निदान दोन तास बसावे. दुसरा दिवस श्री शीतलनाथ मंदिर. भोजन पावणेपाचच्या आत. बाजार शेवटच्या दिवशी ठेवावा, आणि डोंगरावर घेतलेला नियम बाजारात जाण्यापूर्वीच घरच्यांना सांगून टाकावा.’